सहा ताटं, सप्रेम भेट

मार्च लागला की कुवेतच्या खैतान भागातल्या आमच्या इमारतीत जिना चढणं अवघड होऊन बसतं. तिसऱ्या मजल्यावरच्या केरळी कुटुंबातली मुलगी यंदा बारावीला आहे. घरात दोन धाकटी भावंडं धुडगूस घालतात, म्हणून ही जिन्यातच ठाण मांडते. मांडीवर केमिस्ट्रीचं पुस्तक, शेजारी पाण्याची बाटली. मी खालच्या बकाल्यातून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, दूध-भाजी घेऊन वर निघाले की पाय आखडून मला वाट देते, पण तोंड थांबवत नाही. समीकरणं म्हणतच असते. तिला "अभ्यास झाला का गं?" असं विचारायची माझी छाती होत नाही, कारण परीक्षेच्या दिवसांत मला कोणी हे विचारलं की माझं डोकं फिरायचं.

कुवेतमधला हा एवढाच महिना मला मनापासून आवडतो. थंडी सरलेली असते, भट्टी अजून पेटलेली नसते. मधूनच वारा सुटतो आणि तासाभरात सगळी हवा पिवळट होऊन जाते. मग खिडक्यांच्या फटींना ओली फडकी लावत फिरायचं. परवाही तशीच फडकी लावत होते, जिन्यातून त्या पोरीचा आवाज येत होता, आणि एकाएकी मला पुण्यातल्या आमच्या हॉस्टेलचा व्हरांडा आठवला. आठवला म्हणजे काय, नाकात शिरला. शहाबादी फरशीवर पाणी मारल्याचा वास, माठातल्या वाळ्याचा, मेसच्या आमटीतल्या आमसुलाचा. परीक्षा पंधरा दिवसांवर आलेली आणि व्हरांड्यात चाळीस मुली ताटं पालथी घालून बसलेल्या.

हे सगळं आत्ताच वर यायला कारण आहे. आमच्या हॉस्टेलची स्मरणिका निघते आहे. ज्या मुली जगभर पांगल्या त्यांनी आपापली आठवण लिहून पाठवायची. मला ग्रुपवर सांगण्यात आलं, "सुनंदा, तू काय लिहायचंस ते ठरलेलंच आहे. ताटांचं आंदोलन. लीडर तूच होतीस." खाली अठरा जणींचे अंगठे. आणि त्या अठरा अंगठ्यांखाली नीमाचा निरोप होता. नीमा टांझानियाची, आमच्या वर्गातली. आता तिथंच एका गावातल्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. तिनं लिहिलं होतं, "सुनंदाला मी जन्मात विसरणार नाही. आणि त्या रेक्टरला मी जन्मात माफ करणार नाही."

ते वाचून मी फोन पालथा ठेवला आणि अख्खा दिवस ग्रुपकडे फिरकले नाही.

आता सांगतेच. इतकी वर्षं सांगितलं नाही, तर आणखी चार ओळी आडवळणं घेण्यात काय अर्थ आहे. ती ताटं मी वेगळी केली होती. रेक्टरबाईंनी नाही, मेसच्या कंत्राटदारानं नाही. मी.

आमच्या हॉस्टेलात मुलींमधलीच एक मेस सेक्रेटरी असायची, दर सत्राला नवी. त्या सत्रात मी होते. मी मूळची सांगलीची, हुशार, बोलघेवडी, आणि सगळ्यांना खूश ठेवायची मला भारी हौस. आफ्रिकेतून आलेल्या सहा जणी हॉस्टेलात होत्या. काही मुली माझ्याकडे कुरकुर घेऊन आल्या. त्यांच्या तेलाचा वास येतो. त्या बाहेर काय वाट्टेल ते खातात. त्यांच्या ताटात आपण कसं जेवायचं? एकीनं तर तोंड वाकडं करून "त्या काळ्या" असंच म्हटलं. मी तिला गप्प केलं नाही. मी म्हटलं, "बघते काहीतरी."

आणि मला ते काहीतरी सुचायला एक मिनिट लागलं नाही, हे मला आजही टोचतं. कारण आमच्या सांगलीच्या घरी मागच्या ओट्यावर कोनाड्यात एक कानतुटका कप असायचा. गटार साफ करायला माणूस येई, त्याला त्यातून चहा. तो आपला कप आपणच विसळून परत कोनाड्यात ठेवायचा. कोणी त्याला वाईट बोलत नसे, आई तर चहाबरोबर बटरही द्यायची. मला लहानपणी वाटायचं, किती चांगले आहोत आपण.

मेसमध्ये नवी स्टीलची ताटं आली होती. त्यातली सहा मी उचलली आणि भांड्यांच्या दुकानात गेले. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात, ते किर्रर्र करणारं मशीन घेऊन माणूस कोपऱ्यात बसलेला असतो. लग्नामुंजीत आहेर आला की आधी पालथा घालून नाव बघायची आपली सवय. मी सहाही जणींची नावं घालून घेतली. माझ्याबरोबर नसीम होती. नसीम रत्नागिरीकडची, माझी रूममेट. ती म्हणाली, "ह्या सहा जणींचीच का गो?"

"पाहुण्या ना त्या आपल्या. त्यांना आवडेल."

नसीमनं माझ्याकडे रोखून पाहिलं. मशीनवाला म्हणाला, "ताई, नुसतंच नाव? खाली काही घालू?" आणि मी म्हटलं, "सप्रेम भेट घाला." ते का म्हटलं? खोटं झाकायला आणखी थोडं गोड खोटं लागतं, म्हणून.

त्या सहा जणी इतक्या हरखल्या की काय सांगू. देवनागरीत आपलं नाव त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं. नीमानं बोट फिरवून फिरवून अक्षरं गिरवली. ताट छातीशी धरून फोटो काढला आणि घरी पाठवला. तिच्या आईचं उत्तर आलं, की त्या मैत्रिणीला माझे आशीर्वाद सांग. ते पत्र नीमानं मला वाचून दाखवलं. मी हसले. तेव्हाच सांगायला हवं होतं, पण सांगण्यासारखं माझ्यात काही नव्हतं. त्या आनंदात होत्या, कुरकुरणाऱ्या मुली आनंदात होत्या, माझी सेक्रेटरीगिरी झकास चालली होती.

अडीच-तीन महिने चाललं. मग एका दुपारी नीमा गरम पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली. भांडी घासणाऱ्या हौसाबाई तिथं होत्या. खिडकीच्या कट्ट्यावर सहा ताटं, सहा वाट्या, सहा पेले, आणि त्यांच्यासाठी निराळा काथ्या. बाकीचा ढीग पलीकडे मोरीवर. नीमानं आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "हे इथं का?"

हौसाबाई सरळ बाई. म्हणाल्या, "तुमची निराळी ठेवायची सांगितलंय वरनं."

वरनं म्हणजे कोण, हे हौसाबाईंनी मग कोणालाच सांगितलं नाही. माझ्यावर त्यांचा जीव होता. त्यांच्या मुलीला मी गणित शिकवायची. आणि मेसमध्ये वरनं म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा यायचा, रेक्टरबाईंचा. उंच, कडक इस्त्रीची सुती साडी, आवाज न चढवता पाणउतारा करणाऱ्या. त्यांच्यावर खापर फोडणं फारच सोपं होतं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या घंटेला सहा जणी मेसच्या दारात फरशीवर बसल्या आणि ताटं समोर पालथी घातली. नावं वर आली. नीमा म्हणाली, "आम्ही इथं जेवणार नाही. परीक्षाही देणार नाही. आम्ही घरी जातो." तिचं शेवटचं वर्ष होतं. गावातून शिकायला परदेशी आलेली ती पहिली मुलगी, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. पेपर न देता ती गेली असती तर परत येणं नव्हतं. कुरकुरणाऱ्यांपैकी एक जण म्हणाली, "अगं, त्या मटण खातात म्हणून, बाकी काही नाही." तेव्हा नसीम उठली. आपलं भरलेलं ताट तिनं बादलीत रिकामं केलं, विसळलं, आणि त्या सहा जणींच्या शेजारी पालथं घालून बसली.

"दर रविवारी मटण मीपण खाते," ती म्हणाली. "माझं ताट कुणी निराळं नाही केलं ते. मी गोरी आहे म्हणून काय?"

मेसमध्ये कोणी घास घेईना. ते वाक्य माझ्यासाठी होतं. तिनं माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीस जणी बसल्या. तिसऱ्या दिवशी चाळीस, आणि त्यात मी. खोटं कशाला बोलू, भीतीनं बसले. बाहेर राहिले असते तर कोणीतरी विचारलं असतं. पण एकदा बसल्यावर काय झालं ते मलाही नीट सांगता येत नाही. आवाज माझाच मोठा, घोषणा मलाच सुचायच्या. "एक ताट, एक पंगत" ही माझी. दिवसभर ऊन चढायचं, मुली मांडीवर नोट्स घेऊन बसायच्या, शेजारणीला प्रश्न विचारायच्या. नीमा मला जीवरसायन समजावून सांगायची. भूक लागली की कुणीतरी चुरमुरे आणायचं आणि एकाच कागदावर चौघीजणी हात घालायच्या. त्या कागदावर माझा हात नीमाच्या हाताला लागायचा. मला तेव्हा खरोखर वाटायला लागलं, की हे चूक आहे, वेगळी ताटं हे पाप आहे. मी ओरडत होते ते सगळं मला पटत होतं. फक्त गुन्हेगार म्हणून मी जिचं नाव घेत होते ती बाई निर्दोष होती.

पाचव्या दिवशी रेक्टरबाई आल्या. चाळीस मुलींनी एका सुरात त्यांची हुर्यो उडवली, सुरुवात मी केली. त्या थांबल्या. मग ती इस्त्रीची साडी सावरून आमच्यासमोर फरशीवर बसल्या.

"माझ्या हॉस्टेलात हे घडलं," त्या म्हणाल्या, "म्हणजे ते मीच केलं. नीमा, तुझी आणि तुम्हा सगळ्यांची मी माफी मागते. आजपासून सगळी ताटं एका ढिगात."

नीमा रडली. आम्ही सगळ्या रडलो. सहा ताटं मोठ्या ढिगात गेली आणि कोणाचं नाव कोणाच्या पानात येईल याचा नेम राहिला नाही. ज्या मुलीनं तोंड वाकडं केलं होतं तिच्यासमोर एकदा नीमाचं ताट आलं. तिनं पालथं करून नाव पाहिलं, परत सुलटं केलं आणि भात वाढून घेतला. तो क्षण मी पाहिलाय, त्यामुळे माणसं बदलत नाहीत असं कोणी म्हणालं की मला ते खरं वाटत नाही. नीमानं पेपर दिले. पहिल्या वर्गात आली.

त्याच आठवड्यात रेक्टरबाईंनी मला खोलीत बोलावलं होतं. टेबलावर मेसचं रजिस्टर होतं. भांड्यांवर नावं घालून आणल्याची नोंद माझ्याच अक्षरात होती. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "सुनंदा, परीक्षेत लक्ष दे. पेपर संपले की ये, बोलू."

मी शेवटच्या पेपरच्या दुपारीच सांगलीची एसटी पकडली. रेक्टरबाई वारल्याचं मला कुवेतमध्ये कळलं, खूप वर्षांनी, त्याच ग्रुपवर.

इथं आल्यावर एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लागले. रक्त घेणं, तपासणं, हेच काम तीस वर्षं. एकदा एका बाईनं माझा हात पाहून आपली बाही खाली ओढली आणि दुसरी कोणी आहे का असं विचारलं, कोणी गोरी. मी दुसरीला बोलावलं, बाहेर जाऊन पाणी प्यायले, परत आले. घरी येऊन मुलीला हे सांगितलं, आणि लगोलग हॉस्टेलची गोष्टही सांगितली. माझी आवृत्ती. माझी मुलगी इथंच वाढली, मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तिनं शाळेत त्यावर निबंध लिहिला, 'माय मदर द फायटर'. तो निबंध मी फाइलमध्ये जपून ठेवलाय. तो कोणी बघायला काढला की मला काहीतरी काम आठवतं.

गेल्या शुक्रवारी नसीमकडे गेले. तीही इथंच असते, अबू हलीफात, समुद्राच्या बाजूला. नवऱ्याचं शुवैखला गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिनं घावन घातले होते. मी पहिल्या घावनालाच म्हटलं, "नसीम, तुला माहीत होतं ना? ताटांचं?"

"दुकानात तुझ्या मागे उभी होते गो मी. आंधळी हाय काय मी?"

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

तिनं तव्यावरचा घावन उलटला. "पहिल्यांदा राग होता म्हणून नाही बोलले. मग तू त्या पोरींसाठी तीन दिवस उन्हात बसलीस, ते बघून राग गेला. मग म्हटलं, ही सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. तू काय सांगायला तयार नाहीस."

"आता सांगून काय उपयोग? बाई तर गेल्या."

"बाई गेल्या. नीमा हाय ना? ती त्या बाईला शिव्या घालते अजून. तुझ्या वाटणीच्या."

मी घावन तसाच ठेवला. माझ्या वाटणीच्या शिव्या दुसरी बाई मेल्यावरही खाते आहे, हे इतकं सरळ मला कधी कोणी सांगितलं नव्हतं. मला भीती कसली होती तेही तेव्हाच स्वच्छ दिसलं. नीमा तुटेल ही. जगात एक माणूस असं आहे की ज्याला मी खूप चांगली वाटते, आणि ते माणूस मला घालवायचं नव्हतं. नसीमनं गॅस बंद केला, हात पुसले आणि माझाच फोन माझ्यासमोर सरकवला. म्हणाली, "टांझानियात आणि इथं घड्याळ एकच. झोपली असेल वगैरे सांगू नको."

नीमानं व्हिडिओ कॉल लगेच उचलला. मागे कोंबडे ओरडत होते. तिचे केस पांढरे झालेत, हसणं तेच. "सुनंदा! लेख लिहिलास?" म्हणाली, आणि मग आपल्याला येतं ते मराठी, "भाजी वाढ, आमटी वाढ, बस झालं." नसीम खो खो हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, "नीमा, मला पूर्ण बोलू दे, मध्ये थांबवू नकोस." आणि सगळं सांगितलं. कुरकुर, दुकान, 'सप्रेम भेट', रजिस्टर, एसटी. सांगलीचा कपही सांगितला. बाईंनी दुसऱ्याचा दोष अंगावर घेतला हे वाक्य मी दोनदा म्हटलं.

नीमानं फोन खाली ठेवला, पडद्यावर नुसतं छप्पर आलं.  मग नीमा म्हणाली, "ते ताट मी घरी आणलं होतं. रेक्टरकडून मागून घेतलं होतं निघताना. त्यांनी बांधून दिलं, वर लाडूचा डबा दिला. मी लाडू गाडीतून फेकून दिले."



"त्यांचं नाव काय होतं?" तिनं विचारलं. "आम्ही नुसतं मॅडम म्हणायचो."

मी नाव सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं. तिचा आवाज थंड होता. "दर वर्षी परीक्षेआधी मी शाळेत मुलींना ही गोष्ट सांगते. एक वाईट बाई आणि एक चांगली मैत्रीण. मुलींना फार आवडते. आता ती मला बदलावी लागणार."

"सांगू नकोस मग," मी म्हटलं.

"सांगणार तर. ती आधी सोपी होती. मुलींना वाटायचं, वाईट माणसं वेगळी असतात." मग म्हणाली, "मला तुझा खूप राग आलाय, सुनंदा. आत्ता मला तुझा चेहरा बघवत नाहीये. आज आणि उद्या फोन करू नकोस. परवा कर. विसरलीस तर मात्र मी कधीच उचलणार नाही."

फोन ठेवल्यावर नसीमनं गार झालेला घावन माझ्यासमोरून उचलला आणि नवा घालायला घेतला. परत येताना, मला न्यायला आलेल्या माझ्या नवऱ्याला मी गाडी हळू चालवायला सांगितली. घरी आल्यावर मुलीला फोन केला आणि तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, कॅन आय रीराइट दॅट एसे?" मी म्हटलं, लिही. मग स्मरणिकेचा लेख लिहायला बसले, पहिलंच वाक्य रेक्टरबाईंच्या पूर्ण नावानं सुरू केलं.

शनिवार गेला. रविवार इथं कामाचा, सकाळी लॅबला रजा टाकली. नऊ वाजता फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.  नीमानं पहिल्याच रिंगला उचलला. हॅलो नाही, काही नाही. मागे रविवारच्या जादा तासाला आलेल्या शाळेच्या पोरींचा गलबला होता. फोनवरून तोंड बाजूला करून ती कोणाला तरी इंग्रजीत म्हणाली, "बसा सगळ्या. जिनं केलं तीच सांगणार आहे." मग मला म्हणाली, "बोल. मोठ्यानं बोल, मागच्या बाकापर्यंत ऐकू गेलं पाहिजे."